अमेरिकेच्या दारात जात : ‘उच्चवर्णीय हिंदू’पासून ‘असाधारण गुणवत्ते’पर्यंत



गेल्या पावसाळ्यात नालासोपाऱ्यातल्या आमच्या अभ्यासवर्गाला एक मुलगा आला होता. आमच्याच वस्तीत वाढलेला. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात संशोधन करतो, आईला भेटायला तीन आठवड्यांसाठी आला होता. वर्ग संपल्यावर चपला घालता घालता त्याने विचारले, "दादा, मी ग्रीन कार्डासाठी स्वतःच अर्ज करतोय. असाधारण गुणवत्तेचा. त्यात मी कुठून आलो, कुठल्या समाजातला, हे लिहू का? वकील म्हणतो गरज नाही. पण नाही लिहिलं तर लपवल्यासारखं वाटतं."

चपला घातलेली मंडळी परत आत येऊन बसली. आमचे एक जुने कार्यकर्ते म्हणाले, "म्हणजे बाळा, तू आता परत येत नाहीस, एवढंच कळलं." कायद्याचे शिक्षण घेणारी एक मुलगी म्हणाली, "असाधारण गुणवत्ता म्हणजे तेच मेरिट ना, ज्याच्या नावाने कॉलेजात आपल्याला टोमणे मारतात?" दोघांचेही बोलणे खोटे नव्हते. तरीही दोघांशीही आम्ही सहमत नाही. त्या रात्री आम्हाला नीट उत्तर देता आले नाही, कारण या दाराचा इतिहासच आम्ही वाचला नव्हता. तो वाचल्यावर हा लेख लिहीत आहोत.

आधी अर्ज काय आहे ते सांगू. अमेरिकेत कायम राहण्याचा परवाना म्हणजे ग्रीन कार्ड. नोकरीच्या वाटेने ते मिळवायचे तर सहसा कंपनीने अर्ज करावा लागतो. पण १९९० च्या अमेरिकी स्थलांतर कायद्याने एक वेगळी वाट काढली, ईबी-१ए. विज्ञान, कला, शिक्षण, उद्योग किंवा क्रीडा क्षेत्रात जो माणूस अगदी वरच्या थोड्या लोकांत मोडतो, तो कंपनीशिवाय स्वतःचा अर्ज स्वतः करू शकतो. नोबेलसारखा एखादा मोठा पुरस्कार असला तर तो एकटा पुरेसा. नसला तर नियमात दहा निकष दिले आहेत, त्यांपैकी किमान तीन भरावे लागतात. संशोधकाच्या बाबतीत शोधनिबंध, इतरांच्या कामाचे परीक्षण आणि क्षेत्राला पुढे नेणारे मूळ योगदान हे तीन बहुतेकदा पुढे केले जातात. जोडीला शिफारसपत्रे. अर्जाची फाइल शेकडो पानांची होते. त्या मुलाची फाइल त्याने लॅपटॉपवर दाखवली तेव्हा आमच्यातला एक जण म्हणाला, एवढ्या कागदात तर आपल्या दहा जणांची जात पडताळणी झाली असती.

आता मागे जाऊ. अमेरिकेचे नागरिक होण्याचा पहिला कायदा १७९० चा. त्यात अट होती ती ‘मुक्त गोऱ्या व्यक्ती’ची. यादवी युद्धानंतर १८७० मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांसाठीही दार उघडले. म्हणजे कायद्यात दोनच रकाने होते, गोरे आणि आफ्रिकी वंशाचे. भारतातून गेलेल्या माणसाने कुठे उभे राहायचे? तेव्हाच्या अर्जदारांनी ठरवले, गोऱ्यांच्या रांगेत.

मुंबईचा पारशी भिकाजी बलसारा याचे नागरिकत्व १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने मान्य केले, पारशी हे गोरे धरता येतात म्हणून. १९१३ मध्ये वॉशिंग्टन राज्यात अक्षय कुमार मजुमदार या बंगाली गृहस्थाने एक पाऊल पुढे टाकले. आपण शुद्ध रक्ताचे उच्चवर्णीय हिंदू, त्यातही राज्यकर्त्या योद्ध्या जातीचे आहोत, असे त्याने न्यायालयाला सांगितले. न्यायाधीशाला ते पटले आणि नागरिकत्व मिळाले. आपण जिला शाप म्हणतो ती जात तिथे पात्रतेचा दाखला म्हणून फाइलला जोडली गेली.

त्याच १९१३ सालच्या जुलैमध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती, तीन वर्षांसाठी, आणि शिकून आल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानाची नोकरी करण्याचा करार. वय बावीस. कोलंबिया विद्यापीठात ते शिकत होते त्याच वर्षांत तिकडे पश्चिम किनाऱ्यावर आपल्या देशाचे लोक न्यायालयांत उभे राहून सांगत होते की, आमच्या जातीने रक्त शुद्ध ठेवले आहे.

९ मे १९१६ रोजी बाबासाहेबांनी कोलंबियात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या वर्गात ‘भारतातील जाती’ हा निबंध वाचला. आपल्याकडे या निबंधातला जातीअंतर्गत विवाहाचा सिद्धांत सगळ्यांना पाठ असतो. त्यातली दुसरी गोष्ट आपण भरकन ओलांडतो. जातीचा उगम रंगात आणि वंशात शोधणाऱ्या युरोपियन अभ्यासकांना त्यांनी तिथेच खोडून काढले आहे. जात हा वंश नाही. माणसांनी लग्नाची दारे बंद करून ती उभी केली आहे. हे वाक्य वर्गातल्या चार विद्यार्थ्यांपुरते नव्हते. त्या काळी अमेरिकेत ‘मी आर्य, म्हणून मी गोरा’ असे म्हणणाऱ्या प्रत्येक सवर्ण अर्जाच्या मुळावर ते घाव घालत होते. बाबासाहेबांना त्या खटल्यांची माहिती होती असे आम्ही म्हणत नाही. पण प्रश्न तोच होता. एक उत्तर न्यायालयांत दिले जात होते, दुसरे कोलंबियात.

१९१७ च्या फेब्रुवारीत अमेरिकेने आशियाच्या मोठ्या भागावर प्रवेशबंदी घातली. भारत त्या पट्ट्यात आला. मजुराला दार बंद. विद्यार्थी, शिक्षक, डॉक्टर, इंजिनियर, रसायनतज्ज्ञ, लेखक, व्यापारी अशांना मात्र सवलत. म्हणजे ‘हुशाराला वेगळे दार’ ही कल्पना १९९० ची नव्हे. तिची मुळे मजुराला हाकलणाऱ्या कायद्यात आहेत. आमच्या कायद्याच्या विद्यार्थिनीचा संशय इथे बरोबर ठरतो, हे मान्य करून पुढे जाऊ.

सगळ्यात मोठा खटला भगतसिंग थिंद यांचा. पंजाबातून १९१३ मध्ये गेलेले, पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात भरती झालेले. १९१८ मध्ये नागरिकत्व मिळाले आणि चार दिवसांत काढून घेतले गेले. १९२० मध्ये ओरेगनमध्ये पुन्हा मिळाले. सरकार वरच्या न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयापुढे जो प्रश्न ठेवला गेला त्याची शब्दरचनाच अशी होती की अमृतसरला जन्मलेला, पूर्ण भारतीय रक्ताचा उच्चवर्णीय हिंदू हा गोरा माणूस आहे काय? थिंद शीख होते. ज्या धर्माच्या लंगरात जात मोडायची असते त्या धर्माचा माणूस न्यायालयाच्या कागदावर ‘उच्चवर्णीय हिंदू’ झाला. अमेरिकेत तेव्हा सगळ्याच भारतीयांना हिंदू म्हणत, हे खरे. पण ‘उच्चवर्णीय’ हा शब्द अमेरिकनांनी आपल्या खिशातून काढला नव्हता.

थिंद यांच्या बाजूने दिलेल्या लेखी युक्तिवादात एक मुद्दा असा होता की, लग्नसंबंधाच्या बाबतीत उच्चवर्णीय हिंदू इथल्या मूळनिवाशांकडे तसाच पाहतो जसा अमेरिकन गोरा काळ्या माणसाकडे पाहतो. शांतपणे दोनदा वाचावे असे हे म्हणणे आहे. आम्ही भेदभाव करतो, म्हणून आम्ही तुमच्यातले. अस्पृश्यता हा नागरिकत्वासाठीचा पुरावा म्हणून जगातल्या एका मोठ्या न्यायालयात दाखल झाली. भिंत पाडा, असे तिथे कोणी म्हणाले नाही. आम्हाला भिंतीच्या आत मोजा, एवढीच मागणी होती. कायद्यात दोनच रकाने होते, वकिलाला दुसरा मार्ग नव्हता, असे कोणी म्हणेल. म्हणोत. बलसारांच्या खटल्यात जातीशिवाय भागले होते.

१९ फेब्रुवारी १९२३ रोजी न्यायमूर्ती सदरलँड यांनी एकमताचा निकाल दिला. थिंद गोरे नाहीत. सामान्य अमेरिकन ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा. आर्य वगैरे पंडितांच्या गोष्टी. निकालात एक वाक्य असेही आहे की, जातीचे नियम रक्ताची सरमिसळ रोखण्यासाठी होते खरे, पण त्यांना पुरते यश आलेले दिसत नाही. हा निकाल वंशद्वेष्टा होता, त्याचे कौतुक करण्याचे कारण नाही. पण शुद्ध रक्ताचा दावा तिथे टिकला नाही, एवढे खरे. पुढच्या काही वर्षांत साठाहून अधिक भारतीयांचे मिळालेले नागरिकत्व काढून घेण्यात आले. त्यात सुरुवातीलाच मजुमदार. सॅन फ्रान्सिस्कोचे दुकानदार वैष्णो दास बगई यांचे घर, दुकान, पासपोर्ट सगळे गेले आणि १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. जातीच्या दाखल्यावर उभे केलेले घर कसे कोसळते याची ही गोष्ट आहे, आणि त्या घराखाली सापडलेल्या माणसांबद्दल आम्हाला वाईट वाटते.

या खटल्यात थिंद यांची बाजू मांडणारे वकील होते सखाराम गणेश पंडित. नाव मराठी वळणाचे, जन्म अहमदाबादचा, घराणे ब्राह्मण. लॉस एंजेलिसला वकिली करत. त्यांना स्वतःला १९१४ मध्ये नागरिकत्व मिळाले होते. थिंद हरल्यावर सरकार त्यांच्यावरही उलटले. आणि इथे मजा बघा. स्वतःचा खटला लढताना पंडितांनी भर दिला तो दुसऱ्याच मुद्द्यावर. १९१४ मध्ये न्यायालयापुढे सगळी माहिती होती, काही लपवले नव्हते, निकाल झाला आणि अंतिम झाला. त्या निकालावर विसंबून मी लग्न केले, घर घेतले, वकिली उभी केली. माझे नागरिकत्व गेले तर माझी अमेरिकन पत्नीही तिचे नागरिकत्व गमावेल. १९२६ मध्ये नवव्या विभागाच्या अपील न्यायालयाने हे मान्य केले, १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे अपील ऐकायला नकार दिला, आणि उरलेले खटले सरकारने गुंडाळले. तीन वर्षांपूर्वी उच्च जात सांगून जे मिळाले नव्हते ते नियमाचा कागद दाखवून मिळाले.

आता १९२३ सालचे बाबासाहेब आठवा. त्या वर्षी त्यांना लंडनची डी.एस्सी. मिळाली, ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ प्रसिद्ध झाले, एडविन कॅनन यांची प्रस्तावना असलेले. त्याआधी ‘इंडियन अँटिक्वरी’त १९१७ मध्ये कोलंबियातला निबंध छापून आला होता. १९१८ मध्ये लहान शेतजमिनींवरचा निबंध. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष. १९२० मध्ये ‘मूकनायक’. आजच्या दहा निकषांवर ही फाइल कोणीही तपासावी. बत्तीस वर्षांच्या या माणसाला आजचा अधिकारी बहुधा हातात पेन घेऊनच बसेल. १९२३ च्या अमेरिकेत मात्र ही फाइल पहिल्या पानावरच बाद होती, कारण अर्जदार गोरा नाही. आणि थिंद यांच्या बाजूचा युक्तिवाद जिंकला असता तरी ती बाद झाली असती. त्या युक्तिवादाने दार उघडायचे होते फक्त उच्चवर्णीयाला. ज्याच्यापासून आपले रक्त वाचवले असे सांगायचे, तो माणूस बाबासाहेबच होते.

अमेरिकेचा कायम निवास राहू द्या, स्वतःच्या देशात बडोद्यात त्यांना चार भिंती मिळाल्या का? सप्टेंबर १९१७. करारानुसार नोकरीवर रुजू व्हायला आलेले. एकही हिंदू खाणावळ जागा देईना. पारशी धर्मशाळेत पारशी म्हणून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोड म्हणाले. एका हिंदू मित्राकडे विचारले, तो म्हणाला, तू आलास तर नोकर निघून जातील. एका ख्रिस्ती मित्राकडे विचारले, त्यानेही टाळले. सार्वजनिक बागेत बसून रात्रीच्या गाडीने ते मुंबईला परतले. ही हकिगत त्यांनी पुढे ज्या आत्मकथनपर लिखाणात सांगितली त्याला इंग्रजी नाव दिले त्याचा अर्थच ‘व्हिसाच्या प्रतीक्षेत’ असा. अमेरिकेत आणि युरोपात राहून आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती, असेही त्यात लिहिले आहे. पुस्तिका म्हणून ते पीपल्स एज्युकेशन सोसायटीने प्रसिद्ध केले ते १९९० मध्ये. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात अमेरिकेने असाधारण गुणवत्तेचा कायदा केला. योगायोग आहे, पण आम्हाला तो सोडवत नाही.

मधला काळ भराभर सांगतो. २ जुलै १९४६ च्या कायद्याने भारतीयांना अमेरिकेचे नागरिकत्व खुले झाले, वर्षाला शंभर जणांचा कोटा. त्याच्या बारा दिवस आधी, २० जून १९४६ ला, मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले होते. १९६५ मध्ये अमेरिकेने देशवार कोट्याची जुनी पद्धत मोडली आणि डॉक्टर, इंजिनियर, शास्त्रज्ञ यांना प्राधान्य दिले. तेव्हा महाराष्ट्रात डॉक्टर, इंजिनियर कोणाची मुले होती? आमची पहिली पिढी सिद्धार्थच्या आणि औरंगाबादच्या मिलिंदच्या बाकांवर होती, सकाळी कॉलेज, दुपारी नोकरी. दार उघडले तेव्हा ज्यांच्या हातात पदव्या होत्या ते आत गेले, त्यांनी भाऊ-बहिणींना नेले, आणि दोन पिढ्यांनी त्यालाच ‘भारतीयांची बुद्धी’ असे नाव पडले. चक्रवर्ती, कपूर आणि सिंग या अभ्यासकांनी ‘द अदर वन पर्सेंट’ या ग्रंथात हेच मांडले आहे: आधी समाजाने निवडले, मग परीक्षेने, मग अमेरिकेच्या कायद्याने. तीन चाळण्यांतून गाळून निघालेल्यांना गुणवत्तेचे गुपित विचारणे म्हणजे जिन्यावर उभ्या माणसाला उंचीचे रहस्य विचारण्यासारखे. अजंठा सुब्रमण्यन यांनी आयआयटीवरच्या ‘द कास्ट ऑफ मेरिट’ या २०१९ च्या पुस्तकात दाखवले आहे की जात जन्माच्या नावाने बोलायची थांबते आणि गुणवत्तेच्या नावाने बोलू लागते.

मग ईबी-१ए हा त्याच गुणवत्तेचा नवा अवतार आहे का? इथे आम्ही आमच्या विद्यार्थिनीपासून वेगळे होतो. १९२३ चा अर्ज विचारत होता, तू कोणाच्या पोटी जन्मलास. आजचा अर्ज विचारतो, तू काय केलेस, पुरावा दे. हा फरक लहान नाही. आपली सगळी लढाई पहिल्या प्रश्नाविरुद्ध आहे. दुसऱ्या प्रश्नाला भिण्याचे आपल्याला कारण नाही. २०१० मध्ये त्याच नवव्या विभागाच्या न्यायालयाने काझारियन या भौतिकशास्त्रज्ञाच्या खटल्यात स्थलांतर खात्याला सांगितले की, नियमात जे निकष लिहिले आहेत तेवढेच मोजा, त्यात मनाचे काही घालू नका. एकंदर निवाडा त्यानंतर करा. काझारियन स्वतः हरले, दोनच निकष भरले म्हणून. पण ‘आधी मोजा, मग न्याय करा’ ही पद्धत तेव्हापासून आहे. ज्यांना आयुष्यभर मुलाखतीच्या गुणांनी मारले आहे, त्यांना लेखी निकषाची किंमत सांगायला नको.

तरी जात कुठे शिरते ते दिसायला हवे. ती शिफारसपत्रात शिरते. परीक्षक म्हणून कोण बोलावतो, संपादकाशी ओळख कोण करून देतो, पुरस्कारासाठी नाव कोण पाठवतो, यात शिरते. निकष कागदावर कोरे असतात, पण निकष भरण्याची संधी ओळखीतून येते. आमच्या मुलाने सांगितले, त्याच्या प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्याचे वडील, मामा आणि मामाचा मित्र असे तिघे अमेरिकेत प्राध्यापक होते. याच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला हाच पहिला.

आणि जन्माचा प्रश्न पूर्ण गेला असेही नाही. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डे वर्षाला साधारण १ लाख ४० हजार, आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यातली ढोबळमानाने सात टक्के. रांग ठरते ती नागरिकत्वावरून नव्हे, जन्मस्थानावरून. असाधारण ठरलेला संशोधकही भारतात जन्मला असेल तर थांबतो; ईबी-२ या खालच्या वर्गात तर भारतीयांची रांग दशकांत मोजतात. या रांगेविरुद्ध सवर्ण अनिवासी भारतीय अमेरिकेत जोरात बोलतात. जन्मावरून माणसाला मागे ठेवणे अन्याय आहे, असे ते म्हणतात. बरोबर म्हणतात. हेच वाक्य त्यांनी इथल्या घरी, जेवणाच्या ताटावर, एकदा म्हणून बघावे.

‘परत येणार नाहीस’ या आमच्या जुन्या कार्यकर्त्यांच्या आक्षेपाला उत्तर देणे जड जाते, कारण तो रागातून नव्हे, प्रेमातून आला आहे. १८ मार्च १९५६ च्या आग्र्याच्या भाषणात शिकलेल्या माणसांबद्दल बाबासाहेबांनी जी खंत बोलून दाखवली ती सगळ्यांना ठाऊक आहे. पण ती खंत कोणाबद्दल होती? परदेशी गेलेल्यांबद्दल नव्हे. पोट भरल्यावर समाजाला विसरलेल्या इथल्याच नोकरदारांबद्दल होती. परदेशी शिक्षणाचे म्हणाल तर १९४२ मध्ये व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनीच अस्पृश्य विद्यार्थ्यांना विज्ञान-तंत्रज्ञानासाठी आणि परदेशात शिकण्यासाठी सरकारी पैसा मागितला होता.

शिवाय तिथे राहिलेल्यांनी काय केले तेही पाहा. राजस्थानातून गेलेले डॉ. लक्ष्मी बेरवा यांनी १९८२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क उपआयोगापुढे अस्पृश्यतेचा प्रश्न मांडला. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिएटल शहराने जातीभेदाला बंदी घातली. तो ठराव क्षमा सावंत यांनी आणला आणि सभागृहात बोलायला आंबेडकरी माणसे रांगा लावून उभी होती. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसाच कायदा मंजूर केला आणि ७ ऑक्टोबरला तिथल्या गव्हर्नरने तो परत पाठवला. या सभागृहांत उभे राहायला पायाखाली जमीन लागते.

जमीन म्हणजे काय ते सिस्को प्रकरणातून कळते. जून २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या सरकारी खात्याने सिस्को कंपनीवर दावा लावला. आरोप असा की, एका दलित इंजिनियरची जात, तो आरक्षणातून आयआयटीत आल्याचे सांगून, सहकाऱ्यांत फोडण्यात आली आणि तक्रार केल्यावर त्याला बाजूला सारले गेले. कंपनीने आरोप नाकारले. दोन वरिष्ठांविरुद्धचा भाग खात्याने २०२३ मध्ये मागे घेतला, कंपनीविरुद्धचा ठेवला. खरेखोटे न्यायालय ठरवेल. आम्ही फक्त एवढे विचारतो की, असे प्रसंग उघड का येत नाहीत? एच-१बी व्हिसावर काम करणाऱ्याची नोकरी गेली तर त्याला देशात राहायला साठ दिवस. ग्रीन कार्डाचा अर्ज कंपनीने केलेला, कंपनीत साहेब आपल्याच देशाचा, आणि त्या साहेबाला आडनाव वाचता येते. अशा वेळी कोण तोंड उघडेल? स्वतःच्या नावाने केलेला, कंपनीच्या सहीची गरज नसलेला अर्ज म्हणजे त्या साहेबाच्या तावडीतून सुटका आहे. ‘असाधारण’ हा शब्द आवडो न आवडो, आम्हाला या अर्जातली ही गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

खरी लढाई फाइल भरण्याच्या कितीतरी आधी आहे, आणि ती इथे आहे. केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीच्या २०२२ च्या नियमांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचे समाजशास्त्रीय संशोधन हे विषय वगळण्यात आले. म्हणजे ‘भारतातील जाती’ या विषयावर कोलंबियात लिहू इच्छिणाऱ्या बावीस वर्षांच्या आंबेडकरी मुलाला आज ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. सयाजीरावांनी तशी अट घातली असती तर? महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे; तिच्या यादीला उशीर झाला की तिकडे प्रवेशाची मुदत उलटून जाते, हे आपल्यापैकी अनेकांनी घरात पाहिले आहे. या प्रश्नावर मोर्चा काढणारे आम्ही आणि ईबी-१ए ची फाइल घेऊन बसलेला तो मुलगा एकाच कामात आहोत.

त्याला शेवटी काय सांगितले? तो परत जायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही त्याला नालासोपारा पश्चिमेच्या स्तूपाकडे घेऊन गेलो. लोक ज्याला बुरुड राजाचा कोट म्हणत तो उकरून १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी दगडी मंजूषा बाहेर काढली. त्याच वर्षी या परिसरात त्यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. तो लेख प्रवासावरच आहे: पूर्वीचे राजे शिकारीला, करमणुकीला बाहेर पडत, अशोकाने ते सोडून धम्मयात्रा सुरू केली, वृद्धांना आणि खेड्यापाड्यातल्या माणसांना भेटणे सुरू केले. आम्ही त्याला हे सांगितले तेव्हा तो हसला आणि म्हणाला, दादा, आता यावरून भाषण नका देऊ. दिले नाही.

फाइलमध्ये जात लिहू नकोस, एवढे मात्र सांगितले. लाज म्हणून नव्हे. दहा निकषांत तिला जागा नाही, आणि जागा नसणे हेच बरे आहे. त्या फाइलला जात जोडण्याची रीत ज्यांनी पाडली त्यांची गत आपण वाचली. तुझी जात तुझ्या कामाच्या यादीत नको, तुझ्या बोलण्यात असू दे, कार्ड हातात पडल्यावर तर नक्कीच. शिफारसपत्रांसाठी ओळखी नसतील तर तिथल्या आपल्या प्राध्यापकांची, संशोधकांची यादी आम्ही जमवू. ती जमवायला घेतली आहे. वसई, नालासोपारा, विरार, पालघर भागातून बाहेर जाऊन संशोधन करणारे कोणी तुमच्या माहितीत असतील तर अभ्यासवर्गात कळवा.

पुढच्या रविवारी वर्गात बडोद्याचे प्रकरण मोठ्याने वाचायचे आहे. तो मुलगा तिकडून फोनवर जोडला जाणार आहे. त्याच्याकडे तेव्हा सकाळ असेल.